अकरा सेकंदांचं शेत

आमच्या गावात स्पोर्ट्स कार पहिल्यांदा शिरली ती चार माणसांच्या हातांवर.

त्याचं असं झालं. पाटोद्याकडचा रस्ता गावात वळतो तिथंच आमची दूध सोसायटी, आणि सोसायटीच्या दारातच एक गतिरोधक. सरकारी नव्हे, गावाने स्वतः मुरूम आणि सिमेंट ओतून बांधलेला. वाटेत म्हैस आडवी बसावी एवढा उंच. तो बांधून घेतला होता आमच्या सोसायटीच्या चेअरमननी, म्हणजे अण्णांनी. "पोरं लई माजल्यात, गाड्या हवेत चालवत्यात," असं म्हणत ग्रामसभेत टेबल बडवून. आणि दोनच वर्षांनी त्या गतिरोधकावर एक लालभडक, दोन दारांची, जमिनीपासून चार बोटं उंच अशी गाडी पोट टेकून अडकली. दार उघडलं. आधी हातात धरलेला फेटा बाहेर आला, मग एक पाय, बऱ्याच वेळाने दुसरा, आणि शेवटी धोतर सावरत अण्णा.

पारावर बसलेल्या ज्ञानोबाने तोंडातलं पान सरळ गिळून टाकलं.

"अण्णा, ही कुणाची वो?"

"आपली."

"आपली म्हंजी?"

"म्हंजी माझी. बघत काय बसलास बे? ऊठ. चौघं या आन् उचला."

त्या दिवसापासून आमच्या गावात एक नवीन रीत सुरू झाली. लांबून तो डरकाळीसारखा आवाज आला की पारावरची चार माणसं बिड्या विझवायची, हात झटकायची आणि गतिरोधकाशी दोन्हीकडे दोन-दोन अशी उभी राहायची. गाडी यायची, थांबायची, चौघं वाकायची, "हं!" करायची, पुढची चाकं पार व्हायची, मग मागची. अण्णा आतच बसलेले. पालखी पुढे सरकावी तसे सरकायचे. गतिरोधक थोडा तासून घ्या, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव हाय. चेअरमननंच मोडायचा का?"

मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वय चोवीस, पद मोठं, काम असं की सकाळी माप घालायचं, वही भरायची आणि फेटा धरायचा. हो, फेटा. त्या गाडीचं छत एवढं बुटकं की फेटा घालून आत बसता येत नसे, आणि फेट्याशिवाय गावाबाहेर पडणं अण्णांना शक्य नव्हतं. त्यामुळे शेजारच्या सीटवर फेटा धरून बसायला एक माणूस लागायचा. तो मी. देवाची मूर्ती मांडीवर घेऊन बसावं तसा बसायचो.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, त्या गाडीत एकदाही बसल्या नाहीत. "मी बसले तर सेक्रेटरी कुठं बसल? आन् सेक्रेटरी न्हाई बसला तर फेटा कुठं बसल? राहू द्या. फेट्याचा मान मोठा हाय."

आता प्रश्न असा की धोतर नेसणाऱ्या, साठीच्या, म्हशी पाळणाऱ्या माणसाला ही दुर्बुद्धी सुचली कुठून. गावात बरेच तर्क होते. मला खरं कारण दुसऱ्याच दिवशी कळलं आणि त्या कारणाने मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरून देवाचं नाव घेतलं.

मांजरसुंब्याकडे जाणारा जो मोठा रस्ता झाला, त्यात अण्णांचं शेत गेलं. बांधाला बांध लागून लांबच लांब पट्टी होती, आणि रस्त्याला नेमकी तीच पट्टी आवडली. मोबदला मिळाला. लोकांनी त्यातून बंगले बांधले, ट्रॅक्टर घेतले. अण्णा वर्षभर गप्प होते. मग पुण्याला गेले आणि कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली ती लाल गाडी घेऊन आले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर ते मला म्हणाले, "सेक्रेटरी, मी 'हं' म्हणलं की मोजायला लाग. एक, दोन, तीन. मोठ्यानं."

"काय मोजायचं?"

"हं!"

माझं डोकं मागे आदळलं. फेटा छातीत रुतला. बाहेरची झाडं, खांब, ढाबे सगळं एकाच रंगाचं झालं. मी किंचाळत आकडे म्हणत होतो आणि अण्णा शांतपणे, शेजारी चहा पीत बसल्यासारखे, सांगत होते, "ही चिंच. हा गोठा. ही हीर. हा खालचा बांध. संपलं. किती झाले?"

"अ... अकरा."

"अकरा सेकंद," अण्णा म्हणाले. "बापाचा जन्म गेला ह्या शेतात. माझा निम्मा गेला. आन् आता अकरा सेकंद. ज्या रस्त्यानं माझं रान खाल्लं, त्याच्यावरनं मी सगळ्याच्या म्होरं जाणार. हळू जायला आपल्याकं बैल व्हतेच की."

पुढे जाऊन कपिलधारचा फाटा आला. अण्णांनी त्या वेगात स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि देवाला जोडले. मीही जोडले. माझं कारण वेगळं होतं.

असे हे अण्णा. सोसायटीच्या कामात मात्र काडीचाही फरक चालायचा नाही. मापात फेस धरला तर मला सगळ्या बायांसमोर झापायचे. "फेस लोकाचा न्हाई, फेस वाऱ्याचा. खाली बसू दे, मग मोज." कुणी पाणी घातलेलं दूध आणलं तर त्याच्याच तांब्यात परत ओतायचे आणि म्हणायचे, "हे तुमच्या जावयाला पाजा." चेअरमनपद म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती, की आमच्या गावच्या दुधाला जिल्ह्यात कुणी नाव ठेवू नये.

आणि मग तो दुष्काळ पडला.

पावसाने त्या वर्षी आमच्याकडे तोंडच दाखवलं नाही. दिवाळी झाली न झाली तोच ट्रक लागले आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. मागे राहिली म्हातारी माणसं, काही बाया, आणि त्यांच्याबरोबर राहिल्या म्हशी. टँकर येईल तेव्हा पाणी, छावणीतून मिळेल तेवढा चारा, आणि त्यावर निघेल तेवढं दूध. घरटी दोन-तीन लिटर. पण दर आठवड्याला हातात येणारा पैसा होता तो तेवढाच. तेल, मीठ, गोळ्या, सगळं त्या दुधावर.

रोज दूध न्यायला टेम्पो यायचा. आजूबाजूच्या गावांचं दूध आटलं तसा तो बंद झाला. एका गावासाठी कोण फेरी मारणार? केंद्रावर, म्हणजे दूध थंड करून पुढे पाठवतात तिथं, आमचं दूध आम्हीच पोचवायचं ठरलं. आणि अंतर होतं सव्वीस किलोमीटर.

सोसायटीसमोर बाया जमल्या होत्या. अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग लाल गाडीकडे पाहिलं.

"जाईल की ह्यात," म्हणाले.

त्या गाडीचं इंजिन मागे आणि डिकी पुढे. म्हणजे इतर गाड्यांचं बोनेट उघडलं की मशीन दिसतं, आमच्या चेअरमनच्या गाडीचं बोनेट उघडलं की दूध दिसायचं. वीस लिटरचे दोन छोटे कॅन पुढच्या डिकीत, दोन माझ्या पायांमध्ये, आणि मांडीवर फेटा. मात्र अण्णांची अट एक, की कॅन अर्धेच भरायचे. भरून घेतले तर झाकणातून दूध उसळायचं, आणि लाल गाडीला दुधाचा वास आलेला त्यांना चालत नव्हता.

गाडी उचलणारे तरणे गडी ऊस तोडत होते. आता गतिरोधकावर ज्ञानोबा, तीन म्हातारे आणि दोन बाया असे सहा जण लागायचे. त्यातल्या एका आजीबाईने तर एकदा गाडीला हात लावताना पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, "लेकाच्या लग्नाचं ओझं बी एवढं नव्हतं."

पहिले आठ दिवस दूध रडतखडत पास झालं. नवव्या दिवशी परत आलं.

केंद्रावर प्रत्येक गावच्या दुधाचा नमुना घेऊन फॅट काढतात. दुधात स्निग्ध किती, ते मशीन आकड्यात सांगतं. म्हशीच्या दुधाला सहाच्या खाली आकडा आला की दूध परत. आणि तीनदा परत गेलं की त्या गावचं दूध घेणंच बंद. हा नियम भिंतीवर रंगवलेला होता. आमचा आकडा आला पाच.

"मशीन बिघडलं आसल," अण्णा म्हणाले.

दोन दिवसांनी आला चार पॉइंट एक.

फॅट काढणारे साहेब तसे भले गृहस्थ होते, अण्णांना मानायचे. पण मागे दहा गावांची माणसं कॅन घेऊन उभी होती. साहेबांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, राग मानू नका. पण लोणी काढून घेऊन दूध घालतंय वाटतं तुमचं गाव."

मी अण्णांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. जावयाला पाजायला सांगणारा माणूस तो. मागून कुणीतरी फिस्सकन् हसलं. अण्णांनी कॅन उचलला, मला दुसरा उचलायला लावला, आणि आम्ही बाहेर आलो.

येताना मोठ्या रस्त्यावर 'हं' आलं नाही. मी वाट पाहत होतो. शेत आलं, गेलं.

घरी आल्यावर ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "उद्या राजीनामा देतो. कोन लोणी काढतंय ते मला कावून कळंना? चेअरमन कशाचा मी?"

काकू आतून आल्या. परत आलेल्या कॅनचं झाकण त्यांनी उघडलं, आत वाकून पाहिलं, वास घेतला. मग कोपरापर्यंत हात आत घातला, कॅनच्या गळ्याशी फिरवला आणि बाहेर काढला. मूठ उघडली. तळहातावर लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा.

लोणी.

मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. अण्णा उठून उभे राहिले.

"हे कुठनं आलं?"

"तुमच्या गाडीनं काढलं," काकू म्हणाल्या. "आमाला रवी धरून तास तास घुसळावं लागतं. तुमची गाडी सव्वीस किलोमीटरात काढती. थंडीचे दिस, अर्धा कॅन, आन् वरून तुमचं ते उडवनं. मग घुसळनार न्हाई तर काय व्हईल? साऱ्या गावाचं लोनी झाकनाला चिकटलंय आन् साहेब खालचं दूध मोजतोय. चोर तुमच्या दारात उभा हाय. लाल रंगाचा."

सगळ्या गावाच्या इमानावर आळ आला होता, आणि तो आणला होता चेअरमनने स्वतः, सगळ्यांत पुढे जाण्याच्या नादात. अण्णांनी तो गोळा काकूंच्या हातातून घेतला आणि बोटांनी दाबून पाहिला.

"हळू चालवतो," म्हणाले.

संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून पाहिली. हळू चालवली की ती गाडी आणखी आदळायची. प्रत्येक खड्ड्याला उचकी. तिला हळू जाणं ठाऊकच नव्हतं. आणि दूध आणखी एकदा परत आलं की केंद्राचं दार आमच्या गावाला बंद होणार होतं.

सकाळी काकूंनी गावचं सगळं दूध चुलीवर चढवून खवा करायला घेतला. अण्णांनी दोन रिकामे कॅन माझ्या पायांत ठेवले, मांडीवर फेटा दिला.

"कुठं जायचं?"

"पुण्याला. बस."

पुण्यातल्या त्या शोरूमचं दार काचेचं होतं. टाय लावलेला एक तरुण लाल गाडी पाहून पळतच बाहेर आला. "वेलकम सर!" आतून फेटा आला, धोतर आलं, कॅन आले. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यात जीव उरला नाही.

"ही घ्यायची आन् दुसरी द्यायची," अण्णा म्हणाले. "दुधाचे कॅन किती बसतील ते सांगा."

"सर, आपण... एक्सचेंज? ही गाडी देऊन? हॅचबॅक?"

"मागनं दार उघडतं ती. हॅचबॅक म्हंजी तीच का? हां, तीच."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकतोय. वर्षभर ज्या गाडीसाठी गावाने पाठ मोडून घेतली, ती भाजी बदलून मागावी तशी हा माणूस बदलून मागत होता. आणि मग सुरू झाली परीक्षा. अण्णा प्रत्येक गाडीत फेटा घालून बसले. जिथं फेट्याचा तुरा छताला लागला ती गाडी बाद. जिथं मागची सीट पाडल्यावर कॅन उभा राहिला नाही ती बाद. शेवटी एक राखाडी रंगाची, गरीब चेहऱ्याची गाडी उरली. तिच्यात फेटा बसला, कॅन उभे राहिले.

"आता दूध आना," अण्णा म्हणाले.

"सर?"

"म्हशीचं. धा लिटर. गार."

जवळच्या डेअरीतून दूध आणलं गेलं. कॅन मुद्दाम अर्धा भरला. टायवाल्याला मागे कॅनला मिठी मारून बसवलं, आणि अण्णांनी पुण्यातले झाडून सगळे खड्डे अन् गतिरोधक त्या गाडीला दाखवले. तासाभराने परत आलो. शोरूममधली सगळी माणसं गोळा झाली. अण्णांनी बाह्या सारल्या, कॅनमध्ये हात घातला, गळ्याशी फिरवला, बाहेर काढला. मूठ उघडली.

रिकामी. लोण्याचा कणसुद्धा नाही.

"हीच," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "आता हिच्यात ती जोरात पळनारी टर्बो कोनती ते दाखवा."

टायवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. दुधाचे दोन थेंब टायवर होते. "सर, टर्बोची काय गरज? ती महाग पडेल. दूध घेऊन तर तुम्ही हळूच जाणार ना?"

"जाताना दूध हाय," अण्णा म्हणाले. "येताना मी हाय."

निघताना ते लाल गाडीभोवती एकदा फिरले, तिच्या टपावर हात ठेवला. "गुणाची व्हती," मला म्हणाले. "दूध मानवलं न्हाई तिला."

गावात शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. आम्हाला येताना पाहून ज्ञानोबा, तिन्ही म्हातारे आणि दोघी बाया सवयीने गतिरोधकाशी वाकून उभी राहिली. राखाडी गाडी आली, गतिरोधकावर चढली, पलीकडे उतरली. थांबली नाही, टेकली नाही. सहाही जण हात पुढे केलेले, तसेच वाकलेले. आरशात मला दिसत होते. कुणी सरळच होईना.

"अण्णा!" मागून ज्ञानोबाचा आवाज आला. "लाल कुठं हाय वो?"

"दिली!"

"कावून?"

"तुमची कंबर मोडाया लागली म्हनून!" अण्णांनी डोकं बाहेर काढून सांगितलं, फेट्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठोकाठ भरलेले कॅन घेऊन आम्ही निघालो. या वेळी पुढच्या सीटवर काकू होत्या. फेटा अण्णांच्या डोक्यावर होता, मी मागे कॅनला पाठ लावून. अण्णा काटा पंचविसाच्या वर जाऊ देईनात. ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. मोठा रस्ता लागला आणि मी सवयीने मोजायला लागलो.

"ही चिंच," अण्णा म्हणाले. "हा गोठा. ही हीर. हा..." आणि थांबले. पाठ केलेलं संपलं होतं, शेत संपलं नव्हतं. खालचा बांध अजून लांब होता. गाडी संथ चालली होती. मग अण्णा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "हितं म्हस बसायची. ती लंगडी."

"हितं तुमची भाकर घेऊन यायचे मी," काकू म्हणाल्या. "पहिल्या वर्षी. वाट चुकले व्हते."

"हितं बाप रागावून बसायचा. दगड व्हता हितं, त्याच्यावर."

पन्नास, मी मनात म्हणालो. खालचा बांध आला.

केंद्रावर तीच रांग, तीच माणसं, भिंतीवर तोच नियम. साहेबांनी दूध ढवळलं, नमुना घेतला, मशीनला लावला. गावात म्हातारी माणसं गतिरोधकापाशी बसून राहिली होती. आज दूध परत आलं की सोसायटीला कुलूप.

साहेबांनी आकडा पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

"सात पॉइंट एक."

रांगेत कुणी हसलं नाही. अण्णांनी काकूंकडे हात केला. काकूंनी पिशवीतून पितळी डबी काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तूप," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या मशीनला जे गावलं न्हाई, ते. आमच्या गावानं लोणी काढलं नव्हतं साहेब. मी काढलं व्हतं. माझं चुकलं, गावाचं न्हाई." हे त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

मग बाहेर येऊन रिकामे कॅन मागे टाकले, गाडीत बसले, फेटा नीट केला.

"काकू, घट्ट धरा," मी म्हणालो.

"हं!" अण्णा म्हणाले.

ती गरीब चेहऱ्याची गाडी शिट्टी वाजवत सुटली. कॅन एकमेकांवर आपटले, काकूंनी देवाचं आणि मग अण्णांच्या आईचं नाव घेतलं, मी डोळे मिटून आकडे ओरडलो, आणि शेत संपलं.

"किती?"

"चौदा!"

अण्णांनी पाय काढला. गाडी हळू झाली.

"तीन सेकंद वाढलं," म्हणाले. "आन् सकाळी किती सेकंद भरले व्हते?"

मी मोजलेलं त्यांना माहीत होतं तर. "पन्नास," मी म्हणालो.

पुढे दुभाजक तोडलेली जागा आली. अण्णांनी गाडी वळवली, परत मागे नेली, पुन्हा वळवली, आणि शेताच्या खालच्या बांधाशी येऊन काटा पंचविसावर आणला. मागून एक ट्रक हॉर्न देत होता.

"अण्णा," मी म्हणालो, "आता कॅनमध्ये काय आहे?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "तू गप मोज."